वाटीतलं शेवाळ

आमच्या मॅडम दर हिवाळ्यात पुण्यात समुद्र आणायच्या, तोही एस.टी.ने. स्वारगेटला सकाळची गाडी लागली की आधी दोन ओल्या, गच्च भरलेल्या पिशव्या उतरायच्या आणि त्यांच्या मागून मॅडम. पिशव्यांत तपकिरी रंगाचं समुद्री शेवाळ असायचं. बोटभर लांब पानं, करवतीसारख्या कडा, मधे मधे मिरीएवढे हवेचे फुगे. वासाबद्दल न बोललेलं बरं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होते. पद ऐकायला भारदस्त आहे, पण पहिल्या वर्षी त्यातलं निम्मं काम स्वारगेटवर पिशव्या उचलायचं आणि उरलेलं निम्मं रिक्षावाल्याची समजूत घालायचं होतं.

एकदा एका कंडक्टरने त्यांना गाडीतच हटकलं. हा प्रसंग त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे, की आता मीच त्या गाडीत होते असं वाटतं.

"मावशी, काय आहे पिशवीत?"

"भाजी."

"कुजलीय."

"नाही. अशीच असते."

"अहो, भाजीला असा वास येतो होय? आमच्याकडं मेथीला नाही येत."

"मेथी समुद्रात राहत नाही," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. कंडक्टरने पिशव्यांचं वेगळं तिकीट फाडलं आणि पुढच्या दोन सीट रिकाम्या करून दिल्या. मॅडम घाटभर आडव्या होऊन आल्या.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. आपण पोळी-भात खातो, त्यातल्या पिठाची आपल्या अंगात साखर होते. ती साखर करणारे जे पाचकरस असतात, त्यांना या शेवाळाचा अर्क अडवतो असं दिसतं. मग मधुमेहाच्या माणसाला त्याचा कधी काही उपयोग होईल का, एवढाच मॅडमचा प्रश्न होता. त्या एका प्रश्नाला त्यांनी अकरा वर्षं दिली. मी तिथे कामाला लागले तेव्हा आठ होऊन गेली होती.

कॉलेजच्या मागच्या इमारतीत, जिन्याखाली, त्यांना दोन खोल्या दिलेल्या होत्या. समुद्रापासून इतक्या लांब बसून शेवाळ कसलं अभ्यासता, असं प्राचार्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे विचारायचे. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "चंद्राचा अभ्यास करणारे चंद्रावर राहतात का?" विचारणारा दुसऱ्यांदा विचारत नसे. त्यांचं बोलणं असं होतं. आवाज कधी चढत नसे. उलट त्या रागावल्या की जास्त अदबीने बोलायच्या. एरवी मला "अगं तू" म्हणणाऱ्या मॅडम "आपण" म्हणाल्या, की मी आज काय सांडलं ते आठवायला लागायचे.

त्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण टेबलावर पंचांग कायम उघडं असे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी मोठी असते. पाणी खूप आत जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. शेवाळ काढायचं ते तेव्हा. त्यामुळे ज्या अमावास्येला पुण्यात घरोघरी लक्ष्मीपूजन चालायचं, त्या दिवशी आमच्या मॅडम गुडघाभर पाण्यात कातळावर वाकलेल्या असायच्या. त्यांची धाकटी बहीण त्यावरून फार चिडायची. मॅडम तिला म्हणायच्या, "लक्ष्मी पुढच्या वर्षी येते. ही ओहोटी दुपारी संपते."

शेवाळ आलं की ते तीनदा गोड्या पाण्यातून काढायचं. त्यातून वाळू, शंख, कधी एखादा बोटाएवढा खेकडाही निघायचा. मग कॉलेजच्या गच्चीवर जुन्या चादरींवर, सावलीत, वाळवण. शेजारच्या सोसायटीतल्या बायका पहिल्या वर्षी तक्रार घेऊन आल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी "मॅडम, आमच्या कुरडयांवर जरा लक्ष ठेवाल का, तुम्ही वर असताच" असं विचारलं आणि मॅडमनी ते खरोखर ठेवलं. वाळलेलं शेवाळ मिक्सरमधून काढून चाळायचं, अल्कोहोलमध्ये भिजवायचं, गाळायचं, आटवायचं. शेवटी तळाशी जो दाट, काळसर चिकटा उरतो तो दिसायला थेट काकवीसारखा. मधुमेहावर औषध शोधायला निघालो आणि काकवी निघाली, यावर आमच्याकडे दरवर्षी एकदा हसून घ्यायची पद्धत होती.

आता त्यांची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमची परीक्षा सोपी होती. पिठाच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळंशार होतं, हे शाळेतलं ज्ञान. त्यात पाचकरस घातला की पिठाची साखर होत जाते आणि निळा रंग उतरतो. पण अर्काने त्या पाचकरसाला अडवलं, तर निळा राहतो. म्हणजे निळा राहिला तर आपण जिंकलो. यात मॅडमनी स्वतःचा एक नियम घातला होता. अर्काच्या नळीशेजारी दर वेळी आणखी एक नळी ठेवायची आणि तिच्यात काहीतरी असं घालायचं, की ज्यावर आपलं अजिबात प्रेम नाही. कढीपत्त्याचं पाणी, डिंक, कुणाच्या घरचा उरलेला काढा. मॅडम म्हणायच्या, "आपल्या पोराचा पळण्यात पहिला नंबर आला हे सांगताना शेजारची पोरं पळत होती का, तेही सांगावं लागतं."

एका गुरुवारी शेजारी काय ठेवावं ते सुचेना, म्हणून मी माझ्या हातातला कॅन्टीनचा कोरा चहा ठेवला. त्या दिवशी चहा जिंकला. आठ वर्षांच्या शेवाळापेक्षा कॅन्टीनच्या चहाची नळी जास्त निळी राहिली. मला रडू यायचं बाकी होतं. मॅडमनी ती नळी उजेडात धरली, मग माझा कप उचलून त्यातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "बरा आहे. उद्या परत करू."

उद्याही तेच झालं. त्याच आठवड्यात वाघोलीकडे कॅप्सूलचा कारखाना असलेले एक गृहस्थ आमच्याकडे येणार होते. शेवाळाच्या कॅप्सूल काढायची त्यांना घाई झाली होती. मॅडमनी त्यांच्यापुढे दोन्ही नळ्या ठेवल्या. ही शेवाळाची, ही चहाची. "कॅप्सूल काढायच्याच असतील तर चहाच्या काढा," त्या म्हणाल्या. "कॅन्टीनचा आहे, तुम्हाला स्वस्त पडेल." गृहस्थ सरबत न घेता गेले. मॅडमनी त्यांचं सरबत मला दिलं.

पण पुढच्या हिवाळ्यात आणलेलं शेवाळ वेगळ्याच तेजाचं निघालं. त्याने चहाला मागे टाकलं, डिंकाला टाकलं, सगळ्यांना टाकलं. तीन दिवस ओळीने निळा रंग हलला नाही. मॅडम हसल्या. त्यांना दात आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांनी सगळ्यांसाठी कांदाभजी मागवली. मी त्या संध्याकाळी घरी जवळजवळ पळत गेले.

आमचं घर कसबा पेठेत. खाली बाबांचं पुस्तक बांधणीचं छोटं दुकान, वर आम्ही. बाबांना बारा वर्षांपासून साखरेचा त्रास, म्हणजे मधुमेह. दिवसाला दोन गोळ्या. त्या गोळ्यांवर त्यांचा भारी राग. "गोळी म्हणजे भाडेकरू," म्हणायचे. "एकदा आत आला की निघत नाही, आणि दरवर्षी एक जास्त माणूस घेऊन येतो." मी रोज जेवताना आमच्या नळ्यांच्या गोष्टी सांगायचे आणि बाबा पुढची भाकरी विसरून ऐकायचे. त्या दिवशी निळ्या रंगाची हकीकत ऐकल्यावर ते म्हणाले, "मग मला आण की थोडं. घरात विहीर असून आम्ही तहानलेले."

मी आणलं. अर्क नव्हे, तेवढी छाती नव्हती. चाळून उरलेली वाळल्या शेवाळाची पूड. अर्धा डबा. चहाचा प्रकार मी डोळ्यांनी बघितला होता, शेजारच्या नळीचा नियम मला पाठ होता, आणि तरी आणलं. आपल्या माणसाचा प्रश्न आला की शिकलेलं सगळं उंबऱ्याबाहेर राहतं, एवढंच मी माझ्या बाजूने म्हणू शकते. बाबांना बजावून सांगितलं होतं, गोळ्या चालू ठेवायच्या, ही नुसती जोडीला. ते "हो हो" म्हणाले. रोज सकाळी ते नाक दाबून एक चमचा घ्यायचे आणि वर पाणी प्यायचे. "हलकं वाटतंय," म्हणायचे. मला इतका आनंद झाला होता, की तो आनंद मॅडमपासून लपवताना मला कष्ट पडत होते.

तीन आठवड्यांनी आईने दुकानातला खळीचा कोनाडा आवरायला घेतला. तिथे कागदाच्या रिळामागे गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. सगळ्या भरलेल्या. तिने त्या माझ्या हातात दिल्या. मी बाबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या शेवाळावर तुझाच विश्वास नाही का?"

मी त्यांना गोळ्या घ्या म्हणून सांगितलं, रागावले, रडले. ते एकच म्हणत राहिले, की नळीत साखर होऊ देत नाही तर पोटात का होऊ देईल. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, डॉक्टर गोळीचीच बाजू घेणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आपण किती दिलंत?"

"अर्धा डबा."

"समुद्रात जे जे असतं ते सगळं शेवाळ पितं. शिसं असलं तर शिसं. आयोडीन तर इतकं, की चांगल्या माणसाची थायरॉइड बिघडावी. हे आपल्याला मी सांगितलं होतं?"

"हो."

"गोळ्या किती दिवस बंद आहेत?"

"तीन आठवडे."

मॅडम उठल्या. आयोडीनची बाटली, तीन काचेच्या वाट्या, एक ड्रॉपर असं पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "चला." कसब्यात रिक्षा पुढे जाईना तशी उतरून इतक्या भराभर चालल्या, की घर माझं असून मीच त्यांच्या मागे होते.

बाबा दुकानात जमिनीवर बसून एका जाड वहीच्या पुठ्ठ्याला खळ लावत होते. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा, पूर्वीपासून बांधणीवाले तोच वापरतात. मॅडमना बघून ते गडबडले. आई वरून चहा घेऊन आली. ओळख होऊन गेल्यावर बाबांनीच विषय काढला.

"मॅडम, रागावू नका. पण तुमचं शेवाळ नळीत काम करतं, हे खरं की नाही?"

"खरं."

"मग पोटात का नाही करणार?"

"बसा," मॅडम म्हणाल्या. "ही खळ पिठाचीच ना? द्या थोडी."

त्यांचा बेत मला लगेच कळला. तिन्ही वाट्यांत पाण्यात कालवलेली खळ. पहिल्या वाटीत नुसती बाबांची लाळ, कारण लाळेतही पिठाची साखर करणारा रस असतो. दुसऱ्या वाटीत लाळ आणि शेवाळाची पूड. तिसऱ्या वाटीत लाळ आणि आईचा चहा, दूध पडायच्या आधीचा. शेवटी आयोडीन टाकलं की पहिल्या वाटीत निळा येणार नाही, बाकी दोन्हींत येणार. मग मॅडम विचारणार, की तुम्ही दिवसाला सहा कप चहा पिता, त्याने साखर उतरली का? बाबांना गप्प करायला एवढं पुरलं असतं.

बाबांनी वाट्यांत थुंकताना मॅडमकडे पाठ केली. मॅडमनी घड्याळ लावलं. पाव तासाने तिन्ही वाट्यांत आयोडीनचे थेंब टाकले.

तिन्ही वाट्या निळ्या झाल्या.

मॅडमनी पहिली वाटी उचलून हलवली. आणखी दहा मिनिटं थांबू म्हणाल्या. थांबलो. निळीच. त्यांनी बाबांना पुन्हा थुंकायला लावलं, पाणी कोमट करायला लावलं, माझी लाळ घेतली, स्वतःची घेतली. निळीच. मी त्यांना हरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या दुकानातल्या खोक्यावर बसून त्या वाटीकडे अशा बघत होत्या, की मला वाटलं आता बाबा कायमचे जिंकले.

बाबा हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून.

"मॅडम, माफ करा. पण त्या खळीत मोरचूद असतं."

"काय असतं?"

"मोरचूद. कसर लागू नये म्हणून शिजवतानाच घालतो. नाहीतर पुस्तकं किड्यांचीच व्हायची."

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं त्या पाचकरसाला मारतं, हे मॅडमइतकं पुण्यात कुणाला माहीत असणार. इतक्या वर्षांत कुठल्याही प्रयोगाआधी बाटलीवरचं लेबल दोनदा वाचणाऱ्या बाईने, समोर मैदा आहे या खात्रीवर, खळीत काय काय पडतं ते विचारलंच नव्हतं. मग त्यांनाही हसू आलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे आज सगळ्यात भारी कोण निघालं? शेवाळ नाही, चहा नाही. मोरचूद."

"हो की," बाबा म्हणाले.

"लाळेला जागचं हलू दिलं नाही. पिठाची साखर अजिबात झाली नाही. वाटीत काम करतं, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत." त्यांनी खळीचं भांडं बाबांपुढे सरकवलं. "मग उद्यापासून एक चमचा मोरचूद घ्या. अनशापोटी."

आई दारातून म्हणाली, "अहो मॅडम, विष आहे ते."

"विषच आहे. वाटीला ते कळत नाही."

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी तिन्ही वाट्यांकडे आळीपाळीने बघितलं. निळ्या वाट्या तिघी बहिणींसारख्या ओळीत बसल्या होत्या, आणि कुठलीत औषध, कुठलीत चहा, कुठलीत निव्वळ मोरचुदाची खळ, हे आता आम्हालाही ओळखू येत नव्हतं. पण बाबा पुण्याचे. हरल्यावर लगेच कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी ब्रश उचलला आणि म्हणाले, "बघू. विचार करतो."

मॅडम उठायला लागल्या आणि थांबल्या. बाबांच्या डाव्या पायाजवळ पुठ्ठ्याचा एक तुकडा पडला होता, त्यावर रुपयाएवढा ओलसर तांबूस डाग होता.

"पाय दाखवा."

"कुणाचा?"

"तुमचा. डावा."

"अहो, भलतंच काय. मॅडम, तुम्ही शिकवणाऱ्या, तुम्ही पायाला हात—"

मॅडम तोवर जमिनीवर बसल्या होत्या. बासष्ट वर्षांच्या त्या बाई कागदाच्या कातरणांत मांडी घालून बसल्या, पर्समधून शेवाळ बघायचं भिंग काढलं आणि बाबांची टाच दोन्ही हातांनी धरली. बाबा लाजेने अर्धे झाले होते. आमच्या घरात शिकवणाऱ्यांच्या पाया पडायची पद्धत, आणि इथे तर उलटंच चाललं होतं. आईने पदर तोंडाला लावला.

"हे कधी लागलं?" मॅडमनी विचारलं.

"काय लागलं?" बाबा म्हणाले.

टाचेत सुईचा तुटका तुकडा रुतलेला होता. बांधणीची जाड सुई. भोवतीचं मांस पांढरं पडून सुजलं होतं, मधून पाणी येत होतं. चार-पाच दिवसांचं तरी असावं. त्या पायाने बाबा रोज जिना चढत-उतरत होते, देवळात जात होते, मंडईतून भाजी आणत होते. मॅडमनी बोटाने कडेला दाबलं आणि बाबांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच हललं नाही. साखर फार दिवस वाढलेली असली की पायांना दुखणं कळेनासं होतं, हे मी प्रकल्पाच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर स्वतः टाइप केलेलं होतं.

बाबांनी पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आईला म्हणाले, "डॉक्टर किती वाजता येतात?"

"पाचला."

"मला तेव्हा उठव," असं म्हणाले, जणू ते झोपणारच होते. आणि मग हात पुढे करून, "त्या पट्ट्या दे इकडं."

टाच भरून यायला दोन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर गोष्ट पाऊल कापण्यावर आली असती. गोळ्या तेव्हापासून एकदाही चुकल्या नाहीत. आज बाबा पंचाहत्तरीला आले आहेत आणि अजून खळ शिजवतात, मोरचूद घालूनच.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले ती राजीनामा लिहूनच. मॅडमनी तो वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. मग प्रकल्पाची वही पुढे केली. म्हणाल्या, काय केलंस ते यात लिही, तारीख घालून, शाईने. मी लिहिलं. प्रयोगशाळेतली पूड मी न विचारता एका मधुमेही माणसाला दिली, त्याने औषध बंद केलं, त्याच्या पायाला जखम झाली. ते पान आजही त्या वहीत आहे, कुणीही वाचावं. त्याखाली मॅडमनी त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात आणखी दोन ओळी लिहिल्या. "निळा रंग राहिला तेव्हा मी हसले आणि भजी मागवली. त्या दिवशी या मुलीला 'माणसाबद्दल अजून काहीच माहीत नाही' हे सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही." खाली सही केली. मला खूप रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "वहीवर नको," आणि वही बाजूला घेतली.

दोन वर्षांनी प्रकल्प संपला. मॅडमनी शेवटचा अहवाल लिहिला. हे शेवाळ काचेच्या नळीत चांगलं काम करतं, माणसात करतं का ते पुढच्यांनी बघावं, असा त्याचा सरळ अर्थ होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अहवाल बाबांनी बांधून दिला, कापडी पुठ्ठ्यात. मी आता वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या नळ्यांशेजारी कॅन्टीनचा चहा ठेवते. ते मला चक्रम समजतात. मला ते आवडतं.

त्या दिवसानंतर मॅडम दर महिन्याला आमच्या दुकानात यायला लागल्या. कोकणात जायची अमावास्या असली तर आधी कसब्यात येऊन मग स्वारगेट. खोक्यावर बसायच्या, भिंग काढायच्या, दोन्ही टाचा, बोटांच्या मधल्या जागा बघायच्या आणि निघायच्या. पहिले काही महिने बाबा आधी साबणाने पाय धुऊन, नवी चादर अंथरून बसायचे. आई म्हणायची, "लग्नात एवढे धुतले नव्हते." आता मॅडमचे गुडघे गेले आहेत, समुद्र बंद झाला आहे, म्हणून बाबाच त्यांच्याकडे जातात. मीही सुट्टी असली की बरोबर जाते. दोघं चहा पितात, बिनसाखरेचा, आणि एकमेकांच्या चुका काढतात.

गेल्या महिन्यात बाबांनी त्यांना सरळच विचारलं. "मॅडम, शेवटी त्या शेवाळाचं काय ठरलं? साखरेला चालतं की नाही?"

"कुठे कुठे काम चाललंय. नक्की माहीत नाही हो अजून. मी असेपर्यंत कळेल असं वाटत नाही."

एके काळी या उत्तरावर बाबांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी मान हलवली आणि उरलेला चहा संपवला.

"असू दे. गोळी घेतलीय मी सकाळी," ते म्हणाले, आणि मॅडमनी काही म्हणायच्या आधीच चप्पल काढून डावा पाय त्यांच्यापुढे धरला.